मराठवाड्यात पहिला

"एकावर भरोसा ठेवू नये मावशी, जोड पाहिजे," असं म्हणून माझा वरच्या खोलीतला भाडेकरू दोन बोटं वर करायचा, निवडणुकीतल्या पुढाऱ्यासारखी. मी म्हणायचे, "लेका, मत कुणासाठी मागतोस?"

पण त्याचं सगळंच तसं होतं. गजराची घड्याळं दोन. चष्मे दोन, एकाच नंबरचे. चपला दोन जोड, तेही एकाच रंगाचे, त्यामुळे जुना कुठला आणि नवा कुठला ते त्याचं त्यालाच कळायचं. खोलीच्या किल्ल्या दोन. एक त्याच्या खिशात, आणि दुसरी त्यानं पहिल्याच दिवशी माझ्या हातात दिली. "माझी हरवली तर?" म्हणाला. त्याची कधी हरवली नाही. मी एकदा विचारलं, "मग बायका किती करणार?" तर लाजला. "तिथं एकच. पण सासरवाडी जवळची पाहिजे. घरातून हाकललं तर जेवायला."

असा हसवायचा. आता पुढचं सांगते ते नीट ऐका, ते हसण्यासारखं नाही.

माझं घर लातुरात क्लासेसच्या भागात आहे. खाली मी राहते, वर भाड्याच्या खोल्या. तुम्ही आमच्याकडे कधी आलात तर तुम्हाला घरं दिसणार नाहीत, फ्लेक्स दिसतील. प्रत्येक गॅलरीला पोरापोरींची तोंडं, तोंडाखाली मार्क, मार्कांखाली क्लासचं नाव. निकाल लागला की जुनी तोंडं उतरतात, नवी चढतात. उतरलेल्या फ्लेक्सवर आम्ही बायका मिरच्या वाळवतो, कुरडया घालतो. मागच्या वर्षीच्या पहिल्या नंबरावर या वर्षीचं वाळवण. त्यात कुणाला काही वाटत नाही. माझं घर वळणावर आहे, म्हणून माझ्या गॅलरीला मागणी जास्त. मी स्वतः चौथी शिकले. माझा नंबर कितवा होता ते माझ्या बाईंनाही आठवलं नसतं.

तो काही विद्यार्थी नव्हता. तिशीला आलेला माणूस. कॉम्प्युटरचे प्रोग्रॅम लिहायचा, पुण्याच्या एका कंपनीचं काम इथं लातुरात बसून करायचा. मूळ किल्लारीचा. वडील किल्लारी ते लातूर जीप चालवायचे. आठवड्यातून एकदा जीप माझ्या दारात लावून हॉर्न दाबायचे, पोरगा खाली आला की त्याच्या हातात घरचा डबा द्यायचे आणि निघायचे. मागे बसलेली माणसं ओरडायची, "अहो, आम्हाला बी दवाखान्यात जायचंय!" वडील म्हणायचे, "पोराला बघू तर द्या, मग मरा."

जेवायची त्याची रीत मला आवडायची नाही. वरण-भात चमच्यानं खायचा आणि भाकरी कागदात धरून. का, तर बोटं तेलकट झाली की बटणं घसरतात. मी म्हटलं, "भाकरी कागदात धरणारा माणूस मी पहिल्यांदा बघून राहिले." तर म्हणाला, "पहिला आलो ना कशात तरी."

नंबराचं वेड त्याला माझ्यासमोर लागलं. एके दिवशी दुपारी फोन घेऊन खाली आला. मी लसूण सोलत होते.

"मावशी, मी मराठवाड्यात चौथा हाय."

"कशात?"

"प्रोग्रॅम लिहिण्यात. जगातली माणसं आपलं लिहिलेलं एका जागी उघड्यावर ठेवतात. कुणीबी बघावं, कुणीबी वापरावं. आता एकानं साइट काढलीय. कोण रोज किती लिहितो ते मोजून नंबर लावते. देशात कितवा, आपल्या भागात कितवा."

त्यानं फोन माझ्या पुढ्यात धरला. नखाएवढे चौकोन होते, एकाला एक लागून, ठिगळांच्या वाकळीसारखे. दिवसाला एक चौकोन. त्या दिवशी काही लिहिलं असलं की हिरवा. जास्त लिहिलं की गडद हिरवा. काहीच नाही लिहिलं तर कोरा.

"किती लिहिलं ते मोजतात. चांगलं किती लिहिलं ते?"

"ते न्हाई मोजत."

"म्हणजे चिपाडाचा ढीग बघून रस किती निघाला ते सांगायचं."

तो मोठ्यानं हसला. "मावशी, तुम्हीच एक साइट काढा."

"आणि कंपनीचं काम करतोस ते?"

"ते कंपनीचं, बंद दाराआडचं. ते धरत न्हाईत."

मी लसूण सोलत राहिले. ज्या कामावर हा जेवत होता त्याला नंबर नव्हता. ज्याला नंबर होता ते काम कुणी सांगितलेलं नव्हतं. मला तेव्हाच ते लक्षण बरं वाटलं नाही.

चौथ्याचा तो तिसरा झाला, मग दुसरा. दुसऱ्यावर येऊन अडकला. त्याच्या वर नांदेडचं कुणीतरी होतं. नाव नाही, फोटो नाही, नुसता नंबर आणि हिरवे चौकोन. हा त्याला 'नांदेडवाला' म्हणायचा. सकाळी चहाला खाली आला की आधी फोन बघायचा. "नांदेडवाला उठलाय." कधी म्हणायचा, "आज नांदेडवाला थंड हाय, घरी लग्नबिग्न असंल." ज्या माणसाचं तोंड पाहिलं नाही, त्याच्या घरचं लग्न, दुखणं, सण सगळं हा चौकोनांवरून सांगायचा. जीव लावल्यासारखा. मग एका दिवाळीत नांदेडवाला फराळ करत बसला असेल, हा बसला नाही, आणि पहिला झाला.

दोनच दिवसांत क्लासवाले सर आले. आमच्या भागातल्या एका क्लासचे मालक. पोरांना प्रोग्रॅम शिकवायची नवी बॅच त्यांना काढायची होती आणि त्यासाठी तोंड हवं होतं. लातूरला पहिला नंबर म्हटलं की दुसरं काही ऐकू येत नाही. तो कशाचा, कुणी लावला, हे कुणी विचारत नाही. सरांनी फ्लेक्स केला. दारभर मोठं त्याचं तोंड, वर लाल पट्टीत अक्षरं: मराठवाड्यात पहिला. आणि लावायला जागा माझी गॅलरी.

मी सरांना म्हटलं, "बोर्डाचा नंबर एकदा लागला की माणूस मेला तरी तोच राहतो. याचा तर रोज सकाळी बदलतो म्हणे. मग काय, रोज नवा फ्लेक्स छापणार का?"

सर म्हणाले, "आता बदलणार नाही मावशी. आपण त्याला खाली येऊच देणार नाही."

सर हसत होते. तो बाजूला उभा होता, तो हसला नाही.

वडिलांना मात्र आभाळ ठेंगणं झालं. वळणावर आले की जीप हळू करायचे. "डावीकडं बघा. माझा हाय." एकदा तर जीपमधल्या एका म्हातारीला खाली उतरवून माझ्या गॅलरीसमोर उभं केलं. ती म्हणाली, "चांगला हाय, पण किती वाळलाय." पोरानं वडिलांच्या फोनवर चौकोनांचं पान लावून दिलं होतं. वडील सकाळी जीपच्या काचेपुढच्या देवाला उदबत्ती लावायचे आणि मग तो चौकोन बघायचे. हिरवा दिसला की चावी फिरवायचे.

गॅलरीला फ्लेक्स बांधला म्हणजे तो त्याच्याच खिडकीवर आला, हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. मी खोली झाडायला वर गेले तेव्हा पाहिलं. भर दुपारी आत निळसर अंधार, मासळीच्या काचपेटीसारखा. खिडकीत फ्लेक्सची मागची बाजू. अक्षरं उलटी, तोंड उलटं, आणि ऊन मागून आलं की ते तोंड आत बघायचं. हा त्याच्याकडे पाठ करून बसलेला. मी म्हटलं, "एक कड वर करून बांधते, उजेड येईल."

"राहू द्या मावशी. उजेडानं स्क्रीन दिसत न्हाई."

पुढं पुण्याचं काम गेलं. सोडलं की सुटलं ते त्यानं सांगितलं नाही, मी विचारलं नाही. मग सरांच्या बॅचला शिकवून जे मिळायचं त्यावरच भागवायचं होतं. आणि सरांचं बोलणं साफ होतं, फ्लेक्स खरा आहे तोवर बॅच त्याची. नांदेडवाला मागून येतच होता. चहाला खाली यायचं त्यानं कमी केलं. आला तरी एक हात फोनवर.

आता तो लिहायचा काय? मी विचारलं, तर त्यानं खरं सांगितलं. तो माझ्याशी खोटं कधी बोलला नाही. "एक ओळ घालतो मावशी. उद्या काढतो. परवा परत घालतो."

"हे काय काम झालं?"

"चौकोन हिरवा होतोय ना."

माझी सासू शेवटी शेवटी डोकं फिरल्यावर निवडलेले तांदूळ परत सुपात ओतून निवडायची. दिवसभर. पण दिवे लागले की ती सूप भिंतीला टेकवून झोपायची तरी. याच्या खोलीतलं सूप कधी खाली ठेवलेलं मी पाहिलं नाही.

पावसाळ्यात त्याला डेंगू झाला. दवाखान्यात मी होते, वडील जीप सोडून आले होते. सिस्टर सलाईनची सुई घेऊन आली तर हा म्हणतो, "उजव्या हातात नको. डाव्यात बी नको. पायात लावा." सिस्टर म्हणाली, "हात काय घरी ठेवायचेत का?" आम्ही सगळे हसलो. तो तापातच फोन मागत होता, वडिलांनी दिला नाही. त्या दिवसाचा चौकोन कोरा राहिला. पुढचाही. नांदेडवाला वर गेला. बरा होऊन आल्यावर आठवडाभर राबून त्यानं नंबर परत घेतला, पण ते दोन कोरे चौकोन तो सारखे बघायचा. पडलेल्या दाताच्या जागी जीभ जाते, तसा.

मग एके दिवशी मला वर बोलावलं. खुशीत होता, बऱ्याच दिवसांनी. टेबलावरचं मोठं मशीन दाखवलं. स्क्रीनवर अक्षरं आपोआप उमटत होती, आणि तो हात मांडीवर घेऊन बसला होता.

"हे आता रोज आपलं आपण लिहितं. थोडं लिहितं, थोडं पुसतं, माणसासारखं. कधी कमी, कधी जास्त. लाइट गेली तर खाली बॅटरी हाय. मी झोपलो, आजारी पडलो, मेलो, तरी चौकोन हिरवा." आणि दोन बोटं वर केली. "जोड."

मी म्हटलं, "मग आता तू कशाला पाहिजेस?"

मी सरळ बोलणारी बाई आहे. जे दिसलं ते बोलले. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि हळूच दोन्ही बोटं खाली घेतली.

दसऱ्याच्या आधी, सकाळी मी दारात पाणी मारत होते. तो पाठीवर पिशवी घेऊन खाली आला. त्या पिशवीत त्याचं छोटं मशीन असायचं. "येतो मावशी."

"कुठं?"

"जरा हात मोकळे करून येतो."

मला वाटलं, गावी चालला. जिन्यात चपलांचा दुसरा जोड तसाच होता.

आठवड्याच्या वारी जीप आली, हॉर्न वाजला. मी बाहेर गेले. वडील डबा घेऊन उभे. "पोराला पाठवा की."

"तो तुमच्याकडं न्हाई?"

"न्हाई."

वडिलांनी त्याला फोन लावला, बंद होता. मग त्यांनी चौकोनांचं पान काढलं आणि त्यांचं तोंड सैल झालं. "आजचा हिरवा हाय, आक्का. काम करून राहिलाय की. असंल कुठंतरी."

मी म्हटलं, "भाऊ, ते वरचं मशीन करतंय. तो न्हाई."

त्यांना वर नेऊन दाखवलं. निळ्या अंधारात अक्षरं उमटत होती, थांबत होती, पुसली जात होती, परत उमटत होती. वडील कितीतरी वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "माणसाबिगर असं होतंय व्हय? थांबून थांबून लिहून राहिलंय. विचार करून राहिलंय. हे त्याचंच हाय. लांबून करत असंल."

मी दार ओढून घेतलं. सांगायचं ते सांगून झालं होतं.

आम्ही चौकीत गेलो. जमादारानं नाव, गाव, वय विचारलं, आणि मग वडिलांनीच फोन पुढे केला. "हे बघा साहेब, आजचं बी काम केलंय त्यानं." जमादारानं बघितलं. "मग हरवला कसा? रोज कामावर हजर हाय. घरच्यांवर रुसला असंल. तरणा गडी हाय, येईल."

मी म्हटलं, "साहेब, ते मशीन आपोआप करतंय."

"आपोआप?" जमादार मागच्या शिपायाला म्हणाला, "अरे, यांना पत्ता विचार, आपल्याला बी एक घेऊ. बंदोबस्ताला पाठवू." दोघं हसले. तक्रार लिहिली नाही. पुन्हा गेलो, तेव्हाही तेच. सरांकडे गेले तर सर म्हणाले, "फिरायला गेला असेल मावशी, टेन्शन आलं होतं त्याला. रँक तर जागेवर आहे ना?" बॅचला त्यांनी दुसरा मास्तर लावला होता. फ्लेक्स तसाच.

म्हणजे बघा कसं झालं होतं. पोरगा नाहीसा झाला होता आणि तो नाहीसा झालाय हे फक्त मला माहीत होतं. बाकी सगळ्यांना तो रोज सकाळी हिरवा दिसत होता. पूर्वीपेक्षा गडद. नांदेडवाला तर पार मागे पडला होता.

दिवाळी गेली तरी पत्ता नाही, तेव्हा वडिलांना मी म्हटलं, मशीन बंद करू. मग तरी शोधतील. आम्ही जिन्यात उभे होतो, त्याच्या चपलांपाशी. ते खालीच बसले.

"आक्का, भूकंपात मी विशीतला होतो. आमचं घर सगळं खाली आलं. माझी बहीण आत. ती आतून ताट वाजवत होती. ताट वाजत होतं म्हणून लोकं उकरत राहिली. ज्या घरातून आवाज न्हाई, ते घर सोडून लोकं पुढं जायची. बहीण निघाली. आज तिला नातवंडं हायत." मग हात जोडले. "आवाज बंद करू नका. तेवढं करू नका."

त्यांची जीप गेल्यावर दारात उभी राहिले. वर बघितलं तर फ्लेक्सवरून तो माझ्याकडे बघत होता, दात काढून, चष्मा पुसलेला. वाऱ्यानं फ्लेक्स आत-बाहेर होत होता, छाती हलावी तसा. त्या बिचाऱ्या माणसाचं खरं होतं, किल्लारीत ताट वाजत होतं म्हणून लोक उकरत होते. पण इथं ताट वाजत होतं म्हणूनच कुणी उकरत नव्हतं. आणि ताट वाजवणारा आत नव्हताच.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवपूजा झाल्यावर मी माझी किल्ली घेऊन वर गेले. खोलीत उबट वास होता. मशीनला हात लावला तर गरम, तापलेल्या माणसाच्या कपाळासारखं. अक्षरं उमटत होती. मी भिंतीतलं बटण बंद केलं आणि वायर ओढून काढली.

मशीन थांबलं नाही. टेबलाखाली काहीतरी टीं टीं करायला लागलं आणि वर अक्षरं चालूच. मला क्षणभर वाटलं, हे आता कुणालाच बंद होणार नाही. मग आठवलं. जोड. बॅटरीचा डबा टेबलाखाली होता. खाली बसून त्याचीही वायर ओढली. टीं टीं थांबलं. स्क्रीन काळी झाली आणि तिच्यात मागचा फ्लेक्स दिसायला लागला.

वायर काढल्याचं मला वाईट वाटत नाही. पुन्हा वेळ आली तर पुन्हा काढीन.

आधी सर आले. दुसऱ्या दिवशी सकाळी, मोटारसायकल दारातच आडवी लावून. "मावशी, मशीनला कुणी हात लावला?"

"पोरगा जाऊन दिवाळी होऊन गेली, तेव्हा तुम्ही माझा जिना चढला नाहीत. मशीन गेलं तर चहा न पिता आलात."

सर म्हणाले, "तसं नाही मावशी." कसं ते त्यांनी सांगितलं नाही.

वडिलांचा फोन नंतर आला. "आक्का, चौकोन कोरा हाय."

"मी बंद केलं, भाऊ."

तिकडं जीपचं इंजिन बंद झाल्याचं ऐकू आलं. मग ते म्हणाले, "तुम्ही माझं पोर मारलंत," आणि फोन ठेवला.

कोऱ्या चौकोनांची ओळ लांबत गेली तेव्हा जमादारानं ती बघितली आणि कागद पुढे ओढला. "आता हरवला म्हणायला हरकत न्हाई." तक्रार झाली. शोध सुरू झाला. त्याचा फोन शेवटी नांदेडच्या बाजूला लागला होता, एवढं निघालं. बसस्टँडवरचं चित्रण मागितलं, तर ते थोडेच दिवस ठेवतात म्हणे, मग त्यावरच नवं चढतं. ज्या दिवसांत ते शिल्लक होतं, त्या दिवसांत आमचा माणूस मराठवाड्यात पहिला होता.

फ्लेक्स बदलला. नांदेडवाला पहिला झाला, आणि सरांनी माझ्या गॅलरीत नवं तोंड बांधलं. बघते तर पोरगी. बारीक चणीची, कपाळ मोठं. सगळा काळ हा जिला 'नांदेडवाला, नांदेडवाला' करत होता ती ही. इथं असेपर्यंत त्याला ते कधी कळलं नाही.

ती स्वतः आली एक दिवस, भावाला घेऊन. चौकीतून तिला विचारायला माणूस गेला होता. "मावशी, मी त्यांना कधी भेटले नाही," म्हणाली. "पण रोज सकाळी उठल्या उठल्या त्यांचे चौकोन बघायची. मला वाटायचं, हा माणूस झोपत कसा नाही? म्हणून मी पण कमी झोपायला लागले. माझे केस गळाले. आणि आता कळतंय, शेवटी शेवटी मी एका मशीनच्या मागं पळत होते." तिनं चहाची बशी बाजूला सारली. मग म्हणाली, "मला विळी द्या." वर गेली आणि स्वतःच्या फ्लेक्सच्या दोऱ्या कापल्या. एकेक. भाऊ खालून म्हणत होता, "अगं, सर काय म्हणतील?" ती म्हणाली, "म्हणू दे."

तेव्हा त्या खोलीत पहिल्यांदा ऊन आलं.

खोली मी मग दुसऱ्याला दिली. रिकामी ठेवून माणूस येत नाही. मोठं मशीन चादरीत गुंडाळून खाली माझ्या कपाटाखाली ठेवलं, कारण वडील न्यायला आले नाहीत. वळणावरून त्यांची जीप जायची, पण आता हळू व्हायची नाही. त्याचा फ्लेक्स गच्चीवर होता. उन्हाळ्यात मी तो मिरच्यांना घेतला, तोंडाकडची बाजू खाली घालून.

मिरच्या हलवत होते तेव्हा फोन आला. त्यांचाच. आवाज घाईचा होता.

"आक्का, मशीन चालू केलं का?"

"न्हाई."

"खरं सांगा."

मी फोन तसाच धरून खाली गेले. वाकून बघितलं. चादर, चादरीवर धूळ, वायर गुंडाळलेली. "बंद हाय भाऊ. वायर माझ्या हातात हाय."

"मग आज एक चौकोन आलाय. हिरवा. एकच."

मी पलंगावर बसले. मला ते छोटं मशीन आठवलं, पाठीवरच्या पिशवीतलं.

"तो हाय ना, आक्का?"

मी कुणाला बरं वाटावं म्हणून बोलत नाही. म्हटलं, "एक तर तो हाय, न्हाई तर त्याची जोड हाय. मला सांगता यायचं न्हाई."

मला वाटलं, परत फोन ठेवतील. पण म्हणाले, "ताट वाजलंय. मला उकरलं पाहिजे."

दुपारी जीप दारात आली, रिकामी. एकही सवारी नव्हती. वडील वर आले आणि म्हणाले, "फ्लेक्स पाहिजे." मी मिरच्या गोळा करून सुपात घेतल्या. त्यांनी फ्लेक्स उलटा केला, माझ्याकडून ओलं फडकं घेतलं आणि पोराचं तोंड पुसलं. कपाळ, चष्मा, दात. लाल डाग काही गेले नाहीत. मग कात्री मागितली आणि वरची पट्टी, मराठवाड्यात पहिला, एका सरळ रेघेत कापून काढली. खालून सरांच्या क्लासचं नावही कापलं. उरलं नुसतं तोंड. ते त्यांनी जीपच्या बाजूला दोऱ्यांनी घट्ट बांधलं, रस्त्यावरच्या माणसाला दिसेल असं.

"आधी नांदेड," म्हणाले. "मग उमरी, बिलोली. त्याच्या पुढं तेलंगणा लागतं, तिकडं बी माणसं राहतात."

जीप वळणावरून गेली. बाजूला तो होता, मिरचीनं लालसर झालेला, दात काढून हसणारा.

तो चौकोन पुन्हा आला नाही. वडील अजून फिरून राहिलेत. चपलांचा जोड मी जिन्यात ठेवलाय, भाडेकऱ्याला त्याला हात लावू नको म्हणून सांगितलंय. आणि ती कापलेली लाल पट्टी गच्चीवर पडून आहे. मिरच्यांना ती पुरत नाही.